उंदराच्या बिळात घरंगळलेला भात

एक म्हातारा डोंगरावर लाकडं तोडायला गेला. दुपारी त्यानं शिदोरी सोडली, तर भाताचा गोळा हातातून निसटला आणि घरंगळत थेट उंदराच्या बिळात. आतून चक्क गाणं ऐकू आलं! म्हाताऱ्याला इतकी गंमत वाटली की दुसरा गोळा त्यानं मुद्दामच आत सोडला. ‘ओमुसुबी कोरोरिन’ ही जपानची जुनी लोककथा. चार-पाच वर्षांच्या मुलांना ती वाचून दाखवली की म्हातारी आणि भोपळ्याच्या गोष्टीइतकीच ती त्यांना आवडते. मग एखादं पोर हमखास विचारतं, भात घरंगळेल कसा? तो तर सांडतो!

या प्रश्नाचं उत्तर स्वयंपाकघरातच द्यावं. तांदळाच्या दाण्यात दोन तऱ्हेचं स्टार्च असतं. अमायलोजच्या साखळ्या सरळसोट, तर अमायलोपेक्टिनच्या साखळ्यांना फांद्याच फांद्या. बासमतीत अमायलोज जास्त, म्हणून तिचं शीत न् शीत मोकळं. जपानच्या आखूड दाण्यात ते कमी, म्हणून तिथली शितं एकमेकांना धरून राहतात. आपला मावळातला इंद्रायणीही असाच चिकट. जपानी तांदूळ नसला तरी काही अडत नाही.

गोळा वळण्यासाठी हात ओले करून तळव्याला चिमूटभर मीठ चोळायचं. पाण्यामुळे भात हाताला चिकटत नाही आणि मीठ बाहेरून सगळीकडे लागतं. मूठभर भात घ्यायचा, मध्ये लोणच्याची बारीक फोड दडवायची. जपानमध्ये तिथं उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ असतं. एक तळवा खाली सपाट, दुसरा वर छपरासारखा दुमडलेला. दाबा, फिरवा, पुन्हा दाबा. तीन-चार वळणांत त्रिकोण उभा राहतो. मुलं पहिला गोळा जीव खाऊन आवळतात आणि त्याचा लगदा होतो. दुसऱ्या खेपेला हात आपोआप हलका पडतो. हे बघण्यासारखं असतं. ‘निगिरु’ म्हणजे मुठीत दाबणं, त्यावरून या गोळ्याचं नाव ओनिगिरी. आपल्या मुटक्यांचं नावही मुठीवरूनच आलंय. शेवटी नोरीची, समुद्री शेवाळाच्या कागदासारख्या पातळ पापुद्र्याची, पट्टी गुंडाळायची.

ही मूठ किती जुनी असावी? 1987 साली इशिकावा प्रांतात उत्खननात भाताचा कोळसा झालेला एक त्रिकोणी गोळा सापडला. तो सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे. आणि 1889 मध्ये त्सुरुओका गावातल्या एका शाळेनं गरीब मुलांना दुपारी ओनिगिरी, खारवलेला मासा आणि लोणचं द्यायला सुरुवात केली. जपानमधल्या शालेय जेवणाचा आरंभ तिथूनच मानतात.

गोडाची गोष्ट हवी असेल तर ‘गुरी आणि गुरा’ ही जपानी चित्रकथा आहे. बालवाडीत शिकवणाऱ्या रिएको नाकागावा यांनी ती लिहिली, चित्रं त्यांच्या बहिणीची. 1963 पासून ती मुलं वाचताहेत. दोन उंदरांना जंगलात भलंमोठं अंडं सापडतं. ते घरी नेता येईना, म्हणून दोघं कढईच जंगलात आणतात आणि कास्तेला हा केक करून सगळ्या प्राण्यांना वाटतात. या केकची कृती सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर जपानला पोचली. ब्रेडला जपानी माणूस ‘पान’ म्हणतो, तोही पोर्तुगीजच शब्द. गोव्यात उतरलेल्या त्याच पोर्तुगीज शब्दाचा आपला ‘पाव’ झाला! जुन्या पद्धतीच्या कास्तेलात बेकिंग पावडर नसते, तो फुगतो फेटलेल्या अंड्यांतल्या हवेवर. अंडी फेटायचं काम मुलांकडेच सोपवा.

ओनिगिरीसाठी मात्र फ्रिजमधला कालचा भात घेऊ नका. गार झालेलं स्टार्च ताठरतं आणि गोळा फुटतो. भात ताजाच हवा, फक्त मुलांच्या हाती देण्याआधी सोसवेल इतका निवू द्या.