मुतखडा : लक्षणे आणि योग्य उपचार

रक्तातील निरुपयोगी द्रव्ये मूत्रावाटे बाहेर टाकण्याचे कार्य मूत्रपिंडे अखंड करीत असतात. पाणी कमी प्यायल्यास किंवा घाम फार गेल्यास मूत्र दाट होते. मग त्यातील कॅल्शियम, ऑक्झलेट, युरिक आम्ल यांसारख्या द्रव्यांचे स्फटिक एकत्र येऊन खडा तयार होतो. यालाच मुतखडा म्हणतात. शेतात किंवा वीटभट्टीवर उन्हातान्हात राबणाऱ्यांना म्हणूनच या विकाराचा धोका अधिक असतो.

खडा मूत्रपिंडात असेपर्यंत पुष्कळदा काहीच जाणवत नाही. तो मूत्रवाहिनीत अडकला, की बरगड्यांखाली पाठीच्या एका बाजूस तीव्र कळ सुरू होते आणि ओटीपोटाकडे व जांघेकडे उतरते. ती लाटेप्रमाणे वाढते व ओसरते. रोग्याला कोणत्याही कुशीवर चैन पडत नाही. मळमळ, उलटी, लघवीला जळजळ आणि लालसर मूत्र ही अन्य लक्षणे होत.

कळ थांबली म्हणजे खडा पडून गेला, ही समजूत घातक आहे. अडकलेला खडा मूत्राचा मार्ग रोखून धरतो. अशा वेळी वेदना नसतानाही मूत्रपिंड फुगून हळूहळू निकामी होऊ शकते. म्हणून कळ थांबल्यावरही तपासणी करून घेणे आवश्यक असते.

प्रथम जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा नेहमीच्या डॉक्टरांकडे जावे. मूत्रतपासणी व सोनोग्राफी यांवरून बहुधा निदान होते. पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुधा आपोआप पडून जातात. मोठ्या अथवा अडकलेल्या खड्यासाठी युरॉलॉजिस्ट, म्हणजे मूत्रमार्गाचे शल्यविशारद, यांच्याकडे जावे लागते. ते ध्वनिलहरींच्या आघाताने किंवा दुर्बिणीद्वारे खडा फोडून काढतात. खडे वारंवार होत असतील किंवा मूत्रपिंडाचे कार्य मंदावले असेल, तर नेफ्रॉलॉजिस्टचा सल्ला घ्यावा. ते मूत्रपिंडाच्या विकारांवर औषधोपचार करतात.

थंडी वाजून ताप येणे, लघवी बंद होणे किंवा उलट्या न थांबणे ही धोक्याची चिन्हे आहेत. अशा वेळी, तसेच रोगी गर्भवती असल्यास किंवा त्याला एकच मूत्रपिंड असल्यास, विलंब न लावता रुग्णालय गाठावे. वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत. त्यांतील काही मूत्रपिंडास अपायकारक ठरतात.

पडलेला खडा जपून ठेवून डॉक्टरांना दाखवावा. तो कशाचा बनला आहे हे कळल्यास पुढील पथ्य ठरवता येते. दूध मात्र स्वतःहून बंद करू नये. मीठ कमी खावे आणि लघवी फिकट राहील इतके पाणी दिवसभर प्यावे. मुतखडा टाळण्याचा हाच सर्वांत सोपा व स्वस्त उपाय होय.