सुट्या भागांची जुळणी : घरी संगणक उभारताना

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यापासून विलग होऊन स्वतंत्रपणे अस्तित्वात आला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांच्या या कृषिप्रधान जिल्ह्यात त्या वेळी संगणक ही मोजक्याच कार्यालयांत दिसणारी वस्तू होती. आज सातबाराचा उतारा, ग्रामपंचायतीचे दाखले, शाळेतील विद्यार्थ्यांची माहिती, शिष्यवृत्तीचे अर्ज ही सारी कामे संगणकाद्वारे होतात. साहजिकच शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि महाविद्यालयीन विद्यार्थी यांच्या घरीही संगणकाची गरज निर्माण झाली आहे.

तयार संगणक विकत घेण्याऐवजी सुटे भाग आणून तो स्वतः उभारावा, असा विचार अनेकजण करतात. तो स्वागतार्ह आहे. गरजेपुरताच खर्च करता येतो, पुढे एखादा भाग बिघडल्यास तेवढाच बदलता येतो आणि यंत्राची अंतर्गत रचना समजते. परंतु या उपक्रमात एक धोका आहे. प्रत्येक भाग उत्तम असूनही ते परस्परांशी जुळणारे नसतील, तर संगणक सुरूच होत नाही. विशिष्ट भागांसाठी अकोला, अमरावती, नागपूर किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन मार्गावरील बाजारावर अवलंबून राहावे लागणाऱ्या ग्राहकास चुकीचा भाग परत करणे सोपे नसते. वेष्टन फोडलेला भाग विक्रेता परत घेईलच असे नाही. अशा वेळी काही महिन्यांची बचत निरुपयोगी होऊन कपाटात पडून राहते. म्हणून भागांची किंमत व वेग यांच्या आधी त्यांची जुळणी पाहणे, हे या कामाचे पहिले सूत्र होय.

जुळणीचे महत्त्व

सुट्या भागांतून संगणक उभारता येतो, याचे कारण त्यांची मापे व जोडण्या प्रमाणित झालेली आहेत. १९८१ साली आयबीएम कंपनीने आणलेल्या वैयक्तिक संगणकाची रचना खुली होती. त्यामुळे इतर उत्पादकांनाही त्यास जुळणारे भाग तयार करता आले. १९९५ साली एटीएक्स हे प्रमाण आले आणि मदरबोर्ड, पेटी व वीजपुरवठा संच यांची मापे निश्चित झाली.

बाजारात मिळणारे भाग कौशल्याने एकत्र आणून केवढे कार्य साधता येते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. पुण्याच्या सी-डॅक या १९८८ साली स्थापन झालेल्या संस्थेने १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. त्यातील ट्रान्सप्युटर हे प्रक्रियक इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे होते. अनेक प्रक्रियकांना एकत्र काम करावयास लावणारी रचना मात्र आपल्या शास्त्रज्ञांची होती. या कार्याचे नेतृत्व करणारे डॉ. विजय भटकर यांचा जन्म मूर्तिजापूर तालुक्यातील मुरंबा या गावचा, म्हणजे वाशिम ज्याचा भाग होता त्याच अकोला जिल्ह्यातला. घरगुती संगणकाची तुलना महासंगणकाशी होऊ शकत नाही, परंतु भागांच्या मेळातूनच यंत्राचे सामर्थ्य उभे राहते, हे तत्त्व दोन्हीकडे लागू पडते.

प्रोसेसर आणि मदरबोर्ड

निवडीचा प्रारंभ कामापासून करावा. पत्रव्यवहार, हिशेबाचे तक्ते, ऑनलाइन अर्ज आणि शैक्षणिक चित्रफिती एवढेच काम असेल, तर मध्यम क्षमतेचा प्रोसेसर पुरेसा होतो. प्रोसेसर ठरल्यावर त्यास जुळणारा मदरबोर्ड निवडावा.

प्रोसेसर ज्या चौकटीत बसतो, तिला सॉकेट म्हणतात. इंटेलच्या बाराव्या, तेराव्या व चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांना एलजीए १७०० हे सॉकेट लागते, तर २०२४ साली आलेल्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेस एलजीए १८५१ लागते. एएमडीच्या रायझन ५००० मालिकेस एएम ४, तर २०२२ पासूनच्या ७००० मालिकेस एएम ५ हे सॉकेट आवश्यक असते. एका कंपनीचा प्रोसेसर दुसऱ्या कंपनीसाठी तयार केलेल्या मदरबोर्डवर चालत नाही.

सॉकेटचे नाव जुळले म्हणजे काम झाले, असेही नाही. इंटेलच्या सहाव्या व आठव्या या दोन्ही पिढ्यांच्या सॉकेटचे नाव एलजीए ११५१ असेच होते. तरीही आठव्या पिढीचा प्रोसेसर सहाव्या पिढीच्या मदरबोर्डवर बसतो, परंतु चालत नाही. जुने भाग स्वस्तात घेणाऱ्यांनी ही बाब विशेष ध्यानात ठेवावी. मदरबोर्डवरील बायोस ही मूळ आज्ञावली जुनी असल्यास नंतर आलेला प्रोसेसर ओळखला जात नाही. यासाठी मदरबोर्ड उत्पादकाच्या संकेतस्थळावरील समर्थित प्रोसेसरांची यादी पाहावी. त्या यादीत प्रोसेसरच्या नावापुढे बायोसची किमान आवृत्ती दिलेली असते. ती आपल्या मदरबोर्डमध्ये आहे किंवा नाही, हे विक्रेत्याकडून पैसे देण्यापूर्वीच निश्चित करून घ्यावे.

चित्र दाखविण्याची क्षमता प्रोसेसरमध्येच आहे काय, हेही तपासावे. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ हे अक्षर असते, त्यांत ही सोय नसते. उदाहरणार्थ, कोअर आय-५ १२४०० एफ घेतला आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड घेतले नाही, तर संगणक चालू होऊनही पडदा काळाच राहतो.

रॅम आणि साठवण

रॅमच्या बाबतीत होणारी चूक बहुधा प्रकाराची असते. डीडीआर ४ आणि डीडीआर ५ या दोन्ही पट्ट्यांना २८८ संपर्कबिंदू असतात. मात्र त्यांवरील खाच निरनिराळ्या जागी असल्याने एकीच्या खोबणीत दुसरी बसत नाही. ती दाबून बसविण्याचा प्रयत्न केल्यास मदरबोर्डची हानी होते. एएम ४ मदरबोर्डवर डीडीआर ४ आणि एएम ५ मदरबोर्डवर डीडीआर ५ लागते. एलजीए १७०० साठी मात्र दोन्ही प्रकारचे मदरबोर्ड निघाले आहेत. म्हणून खोक्यावरील संपूर्ण नाव वाचूनच खरेदी करावी. एका मोठ्या पट्टीऐवजी समान क्षमतेच्या दोन पट्ट्या घेतल्यास प्रोसेसरला माहिती अधिक वेगाने मिळते.

साठवणीसाठी एम.२ प्रकारची एसएसडी आता रूढ झाली आहे. २२८० या आकड्याचा अर्थ २२ मिलिमीटर रुंदी व ८० मिलिमीटर लांबी असा होतो. परंतु सारख्याच दिसणाऱ्या या पट्ट्यांत साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार आहेत. मदरबोर्डची खोबण कोणता प्रकार स्वीकारते, हे माहितीपुस्तिकेत पाहावे.

पेटी, वीज आणि उष्मा

पूर्ण आकाराचा एटीएक्स मदरबोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर, तर मायक्रो-एटीएक्स २४४ बाय २४४ मिलिमीटर मापाचा असतो. मोठ्या पेटीत लहान मदरबोर्ड बसतो, लहान पेटीत मोठा बसत नाही. कूलरची उंची आणि ग्राफिक्स कार्डाची लांबीही पेटीच्या मर्यादेत असावी लागते.

विजेच्या संचास बाजारात एसएमपीएस म्हणतात. काटकसर करण्याच्या ओघात बहुधा याच भागावर कात्री चालते, आणि तेच सर्वांत महाग पडते. पेटीसोबत अत्यल्प किमतीत मिळणाऱ्या संचावर लिहिलेले वॅट विश्वसनीय असतातच असे नाही. संच बिघडला, तर त्यास जोडलेले इतर भागही निकामी होऊ शकतात. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या साध्या संगणकास पूर्ण भार असतानाही साधारणपणे १५० वॅटपेक्षा कमी वीज लागते. त्यास प्रतिष्ठित उत्पादकाचा ४५० वॅटचा, ‘८० प्लस’ प्रमाणित संच पुरेसा होतो. मदरबोर्डसाठी २४ पिनांची आणि प्रोसेसरसाठी ८ पिनांची जोडणी त्यात असावी. ग्राफिक्स कार्डासाठीही ८ पिनांची जोडणी असते, परंतु तिची रचना वेगळी असल्याने ती प्रोसेसरच्या जोडणीऐवजी वापरू नये.

ग्रामीण भागात वीज खंडित होते, दाब कमीअधिक होतो. म्हणून यूपीएस आणि योग्य अर्थिंग ही चैनीची बाब मानू नये. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे. अशा यूपीएसची प्रत्यक्ष क्षमता बहुधा ३६० वॅटच्या आसपास असते. विदर्भातील उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सियसच्या वर जातो. अशा वेळी पुढील बाजूस जाळी आणि हवा आत घेणारा पंखा असलेली पेटी उपयुक्त ठरते. सोयाबीन व तुरीच्या मळणीच्या दिवसांत धूळ अधिक उडत असल्याने जाळी वेळोवेळी स्वच्छ करावी.

एक नमुना जुळणी

वरील विवेचन स्पष्ट व्हावे म्हणून एक उदाहरण घेऊ. ही खरेदीची शिफारस नसून पडताळणीची पद्धत आहे. रायझन ५ ५६०० जी हा प्रोसेसर एएम ४ सॉकेटचा आहे. त्यात चित्रदर्शनाची सोय आहे आणि त्याच्या खोक्यात कूलरही येतो. त्यास बी ५५० प्रकारचा मायक्रो-एटीएक्स मदरबोर्ड जुळतो. या मदरबोर्डवर डीडीआर ४ च्या ८ जीबीच्या दोन पट्ट्या आणि ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी बसते. मायक्रो-एटीएक्स पेटी व ४५० वॅटचा एसएमपीएस घेतला की जुळणी पूर्ण होते. या सॉकेटसाठी नव्या पिढीचे प्रोसेसर येत नाहीत, हे मात्र लक्षात ठेवावे. पुढे मोठी सुधारणा करण्याचा मानस असेल, तर अधिक खर्च करून एएम ५ चा विचार करावा.

ग्रामपंचायती व शाळांसाठी

सार्वजनिक निधीतील खरेदी विहित नियमांनुसारच व्हावयास हवी. परंतु जुन्या संगणकाची दुरुस्ती वा क्षमतावाढ करताना हेच ज्ञान उपयोगी पडते. रॅम मागविण्यापूर्वी जुन्या पट्टीवरील प्रकार टिपून घ्यावा. काही तयार संगणकांतील एसएमपीएस व मदरबोर्ड त्या कंपनीच्या खास मापाचे असतात. त्यांत बाजारातील सर्वसाधारण भाग बसत नाही, ही गोष्ट देयक मंजूर करण्यापूर्वीच पाहावी. विंडोज १० चे नियमित समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले असून विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा सोय आवश्यक आहे. जुना प्रोसेसर घेताना याचाही विचार करावा. लिनक्सवर आधारित आणि सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’ ही प्रणालीही उपलब्ध आहे.

खरेदीपूर्वी सर्व भागांची पूर्ण नावे एका कागदावर लिहून प्रत्येकापुढे सॉकेट, रॅमचा प्रकार, माप आणि वॅट यांची नोंद करावी. पक्के बिल व हमीपत्र जपून ठेवावे. जोडणीपूर्वी विजेचा संबंध तोडून पेटीच्या धातूस हात लावावा, म्हणजे अंगातील स्थिर विद्युत निघून जाते. कोरड्या उन्हाळ्यात ही दक्षता अधिक आवश्यक असते. निकामी भाग कचऱ्यात न टाकता ई-कचरा नियम, २०२२ नुसार नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे पोहोचतील, असे पाहावे.

शिक्षकांनी असा तक्ता विद्यार्थ्यांकडून करवून घेतल्यास तो विज्ञानाचा एक उत्तम पाठ ठरेल. एक संगणक नीट जुळवणारा विद्यार्थी पुढे गावातील दहा संगणक दुरुस्त करू शकेल, आणि त्यासाठी गावाला शहराची वाट पाहावी लागणार नाही.