लिहिणे, भाषांतर करणे, चालविणे : संगणकाच्या आज्ञावलीची पूर्वतयारी



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांच्या भूमितीच्या वर्गात मी याच इमारतीत बसलो आहे. फळ्यावर सिद्धता लिहिताना प्रत्येक पायरीनंतर ते खडू खाली ठेवीत आणि 'का?' एवढेच विचारीत. कारण सांगता आले नाही, तर पुढची पायरी लिहिली जात नसे. पुढे मी स्वतः संगणकाचा शिक्षक झालो आणि बरीच वर्षे नेमका हाच धडा विसरलो. त्या विसराची भरपाई म्हणून आजचा विषय मी निवडला आहे.

विषय दिसायला लहान आहे. संगणकावर आज्ञावली लिहावयाची, म्हणजे प्रोग्रॅमिंग करावयाचे, तर आधी कोणती साधने मांडावी लागतात आणि ती कशी मांडावी, एवढेच मला सांगावयाचे आहे. परंतु आपल्या भागातील कितीतरी मुले या उंबरठ्यावरच अडखळतात, आणि आपल्याला हा विषयच जमणार नाही असे मानून मागे फिरतात.

काही वर्षांपूर्वी निपाणीजवळच्या एका खेड्यातील मुलगा माझ्याकडे आला. दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून, गणितात उत्तम गती. पदविकेच्या पहिल्या वर्षाला होता. 'सर, मी हा अभ्यासक्रम सोडतो आहे,' असे सांगण्यासाठीच तो आला होता. संगणक पडद्यावर एक इंग्रजी वाक्य दाखवीत होता. 'जीसीसी' हा शब्द आपल्याला ओळखता येत नाही, असा त्याचा अर्थ. मुलाने त्याचा अर्थ असा घेतला की, आपण लिहिलेलेच यंत्राला मान्य नाही, आपलेच काहीतरी कमी आहे. तीन आठवडे तो त्या एका वाक्यापुढे बसून होता. वस्तुतः त्याच्या आज्ञावलीत एकही चूक नव्हती. यंत्राने ती उघडूनदेखील पाहिली नव्हती!

तीन निरनिराळी कामे

आज्ञावली तयार करण्यात तीन कामे असतात : लिहिणे, तिचे भाषांतर करणे आणि ती चालविणे. लिहिण्यासाठी जे साधन वापरावयाचे त्याला एडिटर म्हणतात. भाषांतर करणारा तो कंपायलर. आणि भाषांतर झालेली आज्ञावली चालविण्याचे काम संगणकाची कार्यप्रणाली करते, मग ती विंडोज असो वा लिनक्स.

भाषांतराची गरज का पडते? संगणकाचा प्रक्रियक केवळ शून्य आणि एक या अंकांत लिहिलेल्या आज्ञा जाणतो. माणसाने त्या भाषेत लिहावयाचे म्हटले, तर दहा ओळींतच तो थकून जाईल. म्हणून माणसाला सुसह्य अशा भाषेत लिहावे आणि यंत्रानेच ते यंत्रभाषेत उतरवावे, ही कल्पना पुढे आली. अमेरिकेत ग्रेस हॉपर यांनी १९५२ च्या सुमारास या दिशेने पहिली पावले टाकली. १९५७ मध्ये जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा फोरट्रान भाषेचा कंपायलर आला. डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास सी भाषा घडविली. तीच आज आपण उदाहरणादाखल घेऊ.

भाषांतर म्हणजे काय, हे सीमाभागातील माणसाला निराळे समजावून द्यावे लागत नाही. कन्नड कागद घरात आला, की तो वाचून मराठीत सांगणारा माणूस शोधणे हा आपला नित्याचा अनुभव. हे भाषांतर दोन प्रकारे होते. एक जण संपूर्ण कागद घरी नेतो आणि दुसऱ्या दिवशी त्याची मराठी प्रत हाती देतो. दुसरा शेजारी बसून एकेक वाक्य वाचतो व लगेच अर्थ सांगतो. पहिला तो कंपायलर, दुसरा इंटरप्रिटर. सी भाषेची वाट बहुधा पहिली असते, तर १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पायथन या भाषेचा अनुभव दुसऱ्यासारखा येतो. पहिल्या प्रकारात भाषांतरित प्रत एकदा तयार झाली, की ती कितीही वेळा वापरावी. भाषांतरकार पुन्हा लागत नाही.

मूळ आज्ञावली आणि भाषांतरित आज्ञावली यांचे नाते बेळगावच्या मुलांना मी उद्यमबागेतील फाउंड्रीच्या उदाहरणाने सांगतो. पॅटर्नवरून साचा, साच्यात ओतलेल्या धातूचे कास्टिंग. कास्टिंगचा आकार बदलावयाचा असेल तर कोणी कास्टिंगच घासत बसत नाही. पॅटर्न दुरुस्त करतो आणि पुन्हा ओततो. त्याप्रमाणे आज्ञावलीतील बदल मूळ फाइलमध्येच करावयाचा आणि पुन्हा कंपाइल करावयाचे. बदल केला, परंतु कंपाइल करावयाचे राहिले, तर जुनेच कास्टिंग हाती येते आणि 'दुरुस्ती केली तरी उत्तर तेच' असा भ्रम होतो.

निळ्या पडद्याचे ऋण आणि त्याचा दोष

माझ्या पिढीतील बहुतेकांनी सी भाषा बोरलँड कंपनीच्या टर्बो सी या निळ्या पडद्यावर शिकली. १९८७ मध्ये आलेल्या या साधनात एडिटर आणि कंपायलर एकाच घरात नांदत. कंट्रोल आणि एफ९ या कळा एकत्र दाबल्या, की भाषांतर होऊन आज्ञावली चालत असे. आल्ट आणि एफ५ दाबल्या, की उत्तर दिसत असे. मीही विद्यार्थ्यांना या कळा पाठ करावयास लावल्या. त्यांच्याखाली काय घडते, हे मी सांगितले नाही. गुरुजींचा 'का?' मी विचारला नाही.

त्या साधनाचा काळ संपला होता, तरीही अनेक ठिकाणी ते चालूच राहिले. ते १६ बिटांच्या युगातले. आजच्या ६४ बिटांच्या विंडोजवर ते थेट चालत नाही. डॉसबॉक्ससारखा आधार घ्यावा लागतो. त्यात साध्या पूर्णांकाला दोनच बाइट मिळत, म्हणून ३२७६७ च्या पुढची संख्या मावत नसे. दोन पूर्णांकांत २०० आणि २०० ठेवून त्यांचा गुणाकार तिसऱ्या पूर्णांकात घेतला, तर ४०००० ऐवजी उणे २५५३६ असे उत्तर येई. आजच्या नेहमीच्या संगणकावरील कंपायलर त्याच पूर्णांकाला चार बाइट देतात आणि उत्तर बरोबर येते.

खरी अडचण पुढेच आली. एडिटर म्हणजेच कंपायलर, अशी समजूत घेऊन मुले नव्या साधनांकडे वळली. आज सर्वत्र दिसणारा व्हिज्युअल स्टुडिओ कोड हा एडिटर मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये आणला. तो मोफत आहे, उत्तम आहे. परंतु त्याच्यासोबत सी भाषेचा कंपायलर येत नाही. सी भाषेसाठी त्यात जी जोडणी बसवितात, तिच्यातही कंपायलर नसतो. तो स्वतंत्रपणे आणावा लागतो. माझ्याकडे आलेल्या मुलाला नेमके एवढेच कोणी सांगितले नव्हते.

मांडणी कशी करावी

प्रथम एडिटर. आज्ञावली साध्या अक्षरांत लिहिलेली असावी लागते. वर्डसारख्या लेखनसाधनात ती लिहू नये. ते आपल्या सोयीसाठी सरळ अवतरणचिन्हे वळणदार करते आणि अक्षरांच्या ठेवणीची माहितीही फाइलमध्ये घालते. कंपायलरला ती समजत नाही. विंडोजमधील साधा नोटपॅडही चालेल. मात्र फाइल जतन करताना प्रकाराच्या जागी 'ऑल फाइल्स' निवडावे, अन्यथा 'पहिला.सी' या नावापुढे तो आपण होऊन 'टीएक्सटी' जोडतो, आणि विंडोज हे शेपूट सहसा दाखवीत नाही. म्हणून फाइलींच्या नावांची शेपटे दिसतील अशी योजना आधीच करून ठेवावी. फाइलीचे खरे नाव अर्थातच रोमन अक्षरांत, मध्ये मोकळी जागा न सोडता द्यावे.

दुसरा कंपायलर. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेला जीसीसी हा कंपायलर विनामूल्य असून त्याची मूळ आज्ञावलीही सर्वांना खुली आहे. उबुंटू लिनक्सवर 'बिल्ड-इसेन्शियल' हा संच बसविला की तो येतो. विंडोजवर एमएसवायएस२ या संचातून तो घेता येतो. प्रथम तो संच बसवावा, मग त्याच्या खिडकीतून जीसीसीचा संच मागवावा. केवळ पहिली पायरी करून थांबणारे पुष्कळ असतात.

तिसरी गोष्ट म्हणजे पत्ता, आणि मुले अडतात ती येथेच. आपण आज्ञेच्या खिडकीत 'जीसीसी' असे लिहितो, तेव्हा संगणक त्या नावाची वस्तू सगळीकडे शोधत नाही. त्याच्याजवळ काही कप्प्यांची यादी असते. तिला 'पाथ' म्हणतात. तेवढेच कप्पे तो उघडून पाहतो. कंपायलर ज्या 'बिन' नावाच्या कप्प्यात बसला आहे तो यादीत नसेल, तर वस्तू घरात असूनही 'ओळखत नाही' असे उत्तर येते. तेव्हा विंडोजच्या 'एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स' या चौकटीत जाऊन, 'पाथ'च्या यादीत त्या कप्प्याचा पूर्ण पत्ता जोडावा. नंतर आज्ञेची उघडी खिडकी बंद करून नवी उघडावी, कारण जुन्या खिडकीजवळ जुनीच यादी असते. आता 'जीसीसी', मोकळी जागा, दोन आडव्या रेघा आणि त्यांना लागून 'व्हर्जन' असे लिहावे. आवृत्तीचा क्रमांक दिसला, की मांडणी झाली.

त्या मुलाचे तीन आठवडे अडलेले काम हेच होते. आम्ही दोघांनी मिळून यादीत एक ओळ घातली. त्याची आज्ञावली पहिल्याच प्रयत्नात चालली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, 'म्हणजे माझे बरोबरच होते?'

चुकांची भाषा

मांडणी झाली तरी चुका होणारच. कंपायलर चूक दाखवितो म्हणजे रागावतो, असे मानू नये. तो कोठे अडला ते सांगतो. त्याच्या संदेशात फाइलीचे नाव, ओळीचा क्रमांक आणि कारण असते. वीस संदेश आले तरी सर्वांत वरचा आधी वाचावा. तो दुरुस्त केला, की पुष्कळदा खालचे आपोआप नाहीसे होतात. सातव्या ओळीचा क्रमांक दाखविला, तरी चूक सहाव्या ओळीच्या अखेरीस राहिलेल्या अर्धविरामाची असू शकते.

काही चुका भाषांतरानंतर उद्भवतात. भाषांतरित तुकडे आणि तयार ग्रंथालयांतील भाग एकत्र जोडण्याचे काम लिंकर करतो. लिनक्सवर वर्गमुळाची क्रिया वापरली आणि गणिताचे ग्रंथालय जोडावयाचे राहिले, तर 'अनडिफाइन्ड रेफरन्स' असा संदेश येऊ शकतो. याचा अर्थ, तुमचे व्याकरण बरोबर आहे, परंतु एक सुटा भाग मिळाला नाही. व्याकरणाची चूक, जोडणीची चूक आणि पत्त्याची चूक या तीन निरनिराळ्या आहेत. कोणती चूक आहे हे ओळखता आले, की भीती अर्धी सरते.

आपली अक्षरे

आज्ञावलीतील मजकूर मराठीत किंवा कन्नडमध्ये लिहिता येतो का, असे मुले विचारतात. येतो. युनिकोडने दोन्ही लिप्यांना स्वतंत्र जागा दिली आहे. फाइल यूटीएफ-८ या पद्धतीने जतन करावी. विंडोजच्या आज्ञेच्या खिडकीत त्यासाठी ६५००१ हा संकेत निवडावा लागतो. गंमत म्हणून 'निपाणी' या शब्दाची लांबी सी भाषेतील नेहमीच्या क्रियेने मोजून पाहावी. आपल्या डोळ्यांना अक्षरे तीन; उत्तर येते १८. न, ि, प, ा, ण, ी असे सहा संकेत, आणि यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकास तीन बाइट. ती क्रिया अक्षरे मोजत नाही, बाइट मोजते. कन्नड संकेतांनाही तितकीच, म्हणजे तीनच बाइट लागतात.

समारोप

येथून शिकून बाहेर पडणारा विद्यार्थी गावाला लागूनच असलेल्या अर्जुननगरच्या देवचंद महाविद्यालयात गेला, तर तो महाराष्ट्रात, शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत जातो. बेळगावात अभियांत्रिकीला गेला, तर बहुधा १९९८ मध्ये स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत. अभ्यासक्रम निराळे, परीक्षा निराळ्या. परंतु पहिल्या दिवशी समोर येणारी ही मांडणी दोन्हीकडे सारखीच. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' उपक्रमातील अनेक पाठ मराठी आणि कन्नडसह भारतीय भाषांत ऐकावयास मिळतात. त्यांचा लाभ अवश्य घ्यावा.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी एकच विनंती आहे. पहिल्या तासाला आज्ञावली शिकवू नका. एडिटर कोणता, कंपायलर कोठे आहे, यंत्र त्याला कसे शोधते, हे आधी मुलांच्या हातून करून घ्या. आणि मुलांनो, पडद्यावर 'ओळखत नाही' असे आले, तर आधी कप्प्यांची यादी तपासा, स्वतःच्या बुद्धीवर शंका नंतर घ्या. गुरुजींनी ज्या 'का?' साठी खडू खाली ठेवला, त्याचे उत्तर द्यायला मला उशीर झाला. तुम्हाला तो होऊ नये, एवढी इच्छा व्यक्त करून आपली रजा घेतो.