बाळाचे ओठ निळे पडताहेत? न्यूमोनियाच समजून बसू नका. हृदयाला जाणारी शीरही चुकलेली असू शकते

बाळ जन्मलं तेव्हा ठणठणीत होतं. आठ-दहा दिवसांत दूध ओढताना दमू लागलं, कपाळावर घाम, श्वास भरभर, ओठ निळसर. घरचे म्हणतात नजर लागली, कुणी म्हणतं न्यूमोनिया. पण यामागे एक दुर्मिळ जन्मजात हृदयदोषही असू शकतो. डॉक्टर त्याला 'टीएपीव्हीसी' म्हणतात.

हा दोष नेमका काय?
फुप्फुसातून शुद्ध रक्त आणणाऱ्या साधारण ४ शिरा हृदयाच्या डाव्या बाजूला जोडलेल्या असतात. तिथून रक्त अंगभर जातं. या दोषात त्या शिरा उजव्या बाजूकडे जातात. म्हणजे मोटारीचा पाइप शेताकडे न जोडता परत विहिरीतच सोडल्यासारखं. हृदयाच्या पडद्याला असलेल्या छिद्रातून जे मिसळलेलं रक्त पलीकडे जातं, त्यावरच बाळ तग धरतं.

ओळखायचं कसं?
नवजात बाळाचे हातपाय थंडीने निळसर दिसू शकतात; पण ओठ आणि जीभ निळी दिसली तर थांबू नका. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास ६० किंवा जास्त भरले, तर लगेच दवाखाना गाठा. तिथे बाळाच्या पायाला यंत्र लावून ऑक्सिजन बघायला सांगा. ९५ च्या खाली आला तर पुन्हा तपासणी हवी, ९० च्या खाली म्हणजे धोका. छातीत वेगळा आवाज येईलच असं नाही, एक्स-रेही न्यूमोनियासारखा दिसू शकतो. खरं निदान होतं ते हृदयाच्या सोनोग्राफीने, म्हणजे टूडी इकोने.

उपचार काय?
गोळ्या-औषधांनी शीर जागेवर येत नाही. ऑपरेशन करून ती डाव्या कप्प्याला जोडावी लागते. शिरेत अडथळा असेल तर ऑपरेशन तातडीने करावं लागतं. वेळेत झालं तर बहुतेक मुलं पुढे चांगली वाढतात. मात्र काहींची शीर पुन्हा आकसते, म्हणून नंतरच्या तपासण्या चुकवू नका.

खर्चाचं काय?
राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात हृदयदोषाचा समावेश आहे. आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात विचारा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. रेशनकार्ड, आधार सोबत ठेवा. पण कागदांसाठी बाळाला घरी थांबवू नका. आधी १०८ ला फोन करा.

अंगारा, बिब्बा, चटके यात गेलेला एक दिवसही बाळाला महागात पडू शकतो.