पळसाचे 360 देठ

त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळीसाठी रोज माणसं येतात. कुणाचा मुलगा अपघातात गेलेला असतो, कुणाच्या घरात कुणी विहीर जवळ केलेली असते. अशा दुर्मरणांसाठी हा तीन दिवसांचा विधी. पण देवळाली कॅम्पातलं एक सिंधी कुटुंब 1948 साली कराचीत हरवलेल्या मुलासाठी तो करणार आहे, असं कळलं तेव्हा मला राहवलं नाही. फाळणीतून जीव वाचवून आलेल्या माणसांनी गेली सात-आठ दशकं हे दुःख कुठं ठेवलं, ते मला बघायचं होतं.

यजमान साठीतले. त्यांच्या आईसाठी हे चाललेलं. आजींनी पंच्याऐंशी ओलांडलेली, मराठी अस्खलित, फक्त भावाचा विषय निघाला की तोंडून सिंधी ‘अदा’, म्हणजे भाऊ, येतं. 6 जानेवारी 1948 ला कराचीत गुरुद्वाऱ्यात आसऱ्याला आलेल्या शिखांवर जमावानं हल्ला केला आणि तिथून दंगल हिंदू वस्त्यांत पसरली. सकाळी बाहेर गेलेला आजींचा थोरला भाऊ परतला नाही. घरच्यांनी शोधलं, वाट पाहिली, मग मुंबईची बोट धरली. कॅम्पच्या बराकीत आणि पुढं स्वतःच्या घरातही आजींच्या आईनं रात्री दाराला कडी लावू दिली नाही. अदा आला आणि दार बंद दिसलं तर? ती माउली गेली, तेव्हा कडी लावायची की नाही यावर घरात भांडण झालं होतं, असं सूनबाईंनी सांगितलं.

स्नान, संकल्प, गणेशपूजन नेहमीसारखं झालं. देह मिळालेला नसला की पालाशविधी करावा लागतो. गुरुजींनी पळसाच्या देठांची जुडी सोडली. म्हणाले, “360 लागतात. माणसाच्या शरीरात तेवढी हाडं.” चरकसंहितेतही हाच आकडा आहे. आजचं शरीरशास्त्र 206 सांगतं, पण त्या ओसरीवर 206 ला काही अर्थ नव्हता. डोक्याला 40, गळ्याला 10, असं करत दर्भावर देठांचा माणूस उमटू लागला. शेजारी जवाचं पीठ भिजवलेलं. ओलं पीठ, काळे तीळ आणि ताज्या सोललेल्या देठांचा तुरट वास, तो अजून माझ्या नाकातून जात नाही.

आजी खुर्चीवरून पुढं वाकून मोजत होत्या. मध्येच चुकल्या.

“गुरुजी, डोक्याचे झाले का?”

“झाले आजी. चाळीस.”

“तो उंच होता हो. पायांना कमी नको पडायला.”

गुरुजींचा हात थांबला. “सगळ्यांना 360च असतात, आजी. कमी नाही पडणार.”

आजींनी मान हलवली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागल्या. गुरुजीही थांबले, त्यांचं मोजून होईपर्यंत. मला या कामातलं कौशल्य मंत्रांपेक्षा या थांबण्यात दिसलं.

याच गावात पितृदोषाची भीती घालून लोकांना बोलावणारेही आहेत. लग्न जमत नाही, मूल होत नाही, धंदा बसला, सगळ्याला कारण एकच: अतृप्त पूर्वज. ज्या बाईनं आयुष्यभर भावाची वाट पाहिली, तिला ‘तोच तुम्हाला त्रास देतोय’ असं सांगणं मला क्रूरपणा वाटतो. या गुरुजींनी तसा शब्दही काढला नाही.

सरकारनं तरी काय केलं होतं? 1950 चा दाव्यांचा कायदा आला, 1954 चा नुकसानभरपाईचा आला. सिंधमध्ये किती खोल्या सोडल्या, किती जमीन सोडली, हे भरून द्यायचं होतं. हरवलेल्या भावासाठी रकाना नव्हता. पुरावा कायद्याप्रमाणे सात वर्षं ज्याची खबर नाही तो मेला असं न्यायालय धरू शकतं, धर्मशास्त्रात बारा वर्षं वाट पाहण्याची रूढ मुदत आहे. मुदती दोन्हीकडे होत्या, पण त्या माउलीला कुणी येऊन सांगितलं नाही की बाई, आता रड. मानसोपचारशास्त्रही फाळणीबद्दल दशकानुदशकं जवळजवळ गप्पच राहिलं. आलोक सरीन आणि संजीव जैन या मानसोपचारतज्ज्ञांनी त्यावर ग्रंथ संपादित केला तो 2018 साली.

व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या अमेरिकी सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास करताना संशोधक पॉलीन बॉस यांना हेच दिसलं होतं: माणूस गेला की आहे हेच ठरत नसेल तर शोक गोठून बसतो. बोस्नियात 1995 साली स्रेब्रेनित्सात आठ हजारांवर पुरुष आणि मुलगे मारले गेले. त्यांच्या आया अजून दरवर्षी 11 जुलैला तिथं जमतात आणि त्या वर्षात डीएनएवरून ओळख पटलेल्यांचं दफन करतात. कधीकधी दफनाला पुरेसं म्हणून दोन-चार हाडंच असतात. आजींना तेवढंही मिळालं नव्हतं. त्यांना 360 देठ मिळाले.

संगमावर त्या देहाला अग्नी दिला. ओला पळस धुमसत राहिला. दुसऱ्या दिवशी सुतक पाळलं. सूनबाई म्हणाल्या, सासूबाई सबंध दुपार ढसाढसा रडल्या, मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी गुरुजींनी वही काढली. नाव, वडिलांचं नाव, गाव. गोत्र माहीत नव्हतं, म्हणून रीतीप्रमाणे काश्यप. तिथी विचारली तेव्हा आजी अडल्या. तो घरातून निघाला तो दिवस त्यांना पाठ होता, मेला कधी हे कुणाला ठाऊक? “तिथी माहीत नसली की त्या महिन्याची अमावास्या धरतात,” गुरुजी म्हणाले आणि मार्गशीर्ष अमावास्या लिहिली. आजींनी भावाचं नाव दोनदा वाचून घेतलं.

एवढ्यानं सगळं बरं होतं असं मी म्हणणार नाही. रस्त्यात मोठा आरडाओरडा झाला की आजी अजूनही घरातल्या मुलांना मोजतात. त्यासाठी वेगळी मदत लागते आणि ती घेण्यात कमीपणा नाही. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, तिथं मराठीत बोलता येतं. मात्र फाळणी स्वतः पाहिलेली माणसं आता फार थोडी उरली आहेत. तुमच्या घरात, शेजारात कुणी असेल तर त्यांच्याजवळ बसा, मागं राहिलेल्यांची नावं विचारा आणि लिहून घ्या.