‘कर्बल’ गेममधला कर्बिन ग्रह: दिसतो पृथ्वीसारखा, मग तिथलं रॉकेट इतकं सहज कसं उडतं?

‘कर्बल स्पेस प्रोग्राम’ खेळणारी मुलं मला एक प्रश्न हमखास विचारतात. “गेममध्ये मी अर्ध्या तासात रॉकेट जोडून कक्षेत पाठवतो. मग खऱ्या रॉकेटला एवढं प्रचंड इंधन का लागतं? इस्रोवाले उगाच अवघड करतात का?”

प्रश्न भारी आहे. त्याचं उत्तर गेममधल्या ग्रहातच दडलंय. आज आपण तो ग्रह नीट उघडून बघू. गेममधलं काय खरं मानायचं आणि काय नाही, हेही त्यातून कळेल. खासकरून ज्यांना पुढे एरोस्पेस किंवा गेम डेव्हलपमेंटमध्ये जायचंय, त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

कर्बिन म्हणजे काय?

मेक्सिको सिटीतल्या ‘स्क्वॉड’ या कंपनीने हा गेम बनवला. २०११ मध्ये तो पहिल्यांदा लोकांसमोर आला आणि २०१५ मध्ये त्याची पूर्ण आवृत्ती निघाली. यात हिरव्या रंगाचे छोटे ‘कर्बल’ लोक कर्बिन नावाच्या ग्रहावर राहतात. निळे समुद्र, हिरवी जमीन, ध्रुवांवर बर्फ, वर ढगाळलेलं आकाश नसलं तरी श्वास घेता येईल अशी हवा. म्हणजे बघताक्षणी पृथ्वीच वाटते. पण आकडे बघा:

- त्रिज्या: कर्बिन ६०० किमी, पृथ्वी सुमारे ६,३७१ किमी
- जमिनीवरचं गुरुत्वाकर्षण: दोन्हीकडे ९.८१ मीटर प्रति सेकंद वर्ग
- दिवस: कर्बिनवर ६ तास, पृथ्वीवर २४ तास
- वातावरण: कर्बिनवर ७० किमीला संपतं, पृथ्वीवर हळूहळू विरळ होत जातं
- चंद्र: कर्बिनला दोन (मन आणि मिनमस), पृथ्वीला एक

आहे ना गंमत? ग्रह साडेदहा पट लहान, पण उभं राहिल्यावर वजन तेवढंच! असं व्हायला ग्रहाची घनता पृथ्वीच्या साडेदहा पट हवी. पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या साडेपाच पट आहे, कर्बिनची येते सुमारे ५८ पट. म्हणजे कर्बिनच्या सरासरी मालाने एक लिटरची बाटली भरली तर ती ५८ किलोची होईल. पृथ्वीवर मिळणारा सर्वात घन धातू ऑस्मियम, तोसुद्धा साडेबावीस किलोच भरेल. थोडक्यात, असा ग्रह निसर्गात बनणार नाही. तो मुद्दाम तसा ठेवलाय.

मग रॉकेट सोपं का जातं?

कक्षेत जाणं म्हणजे नुसतं उंच जाणं नव्हे, तर आडवं इतक्या जोरात पळणं की खाली पडता पडता जमीनच खाली वळत जाते. ग्रह लहान असेल तर जमीन लवकर वळते, त्यामुळे वेगही कमी पुरतो. कर्बिनच्या खालच्या कक्षेत सेकंदाला साधारण २.३ किमी वेग लागतो. पृथ्वीच्या खालच्या कक्षेत लागतो ७.८ किमी.

हवेचा अडथळा आणि वर चढताना गुरुत्वाकर्षणाशी होणारी झटापट धरली, तर कर्बिनवर एकूण खर्च होतो साधारण ३.४ किमी प्रति सेकंद, पृथ्वीवर ९.४ च्या आसपास. तुम्ही म्हणाल, तिप्पट वेग म्हणजे तिप्पट इंधन. इथेच खरी मेख आहे! इंधन वाहून न्यायलाही इंधन लागतं, म्हणून हिशोब बेरजेने नाही, गुणाकाराने वाढतो.

फोन आडवा धरून सायंटिफिक कॅल्क्युलेटर उघडा. इंजिनातून वायू सेकंदाला ३ किमी वेगाने बाहेर पडतो असं समजा. आता ‘ई’चा घात ३.४ भागिले ३ काढा. उत्तर येईल सुमारे ३.१. मग ९.४ भागिले ३ हा घात काढा. उत्तर सुमारे २३. म्हणजे वर १ टन पोहोचवायला कर्बिनवरून ३ टनांचं रॉकेट पुरतं, पृथ्वीवरून २३ टनांचं लागतं. आणि त्या वर पोहोचलेल्या एका टनात रिकाम्या टाक्या आणि इंजिनही आलं. उपग्रहाला उरतं ते त्यातून.

म्हणूनच इस्रोच्या पीएसएलव्हीचं एक्सएल रूप उड्डाणाच्या वेळी सुमारे ३२० टनांचं असतं, त्याला चार टप्पे असतात आणि ६०० किमी उंचीच्या ध्रुवीय कक्षेत ते पावणेदोन टनांच्या आसपास वजन नेतं. यात कोणी उगाच अवघड करत नाही. आपला ग्रहच मोठा आहे.

लहान ग्रहाचा कॉम्प्युटरलाही फायदा

हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो. कर्बल हा गेम ‘युनिटी’ इंजिनवर चालतो. या इंजिनात वस्तूची जागा ‘फ्लोट’ नावाच्या ३२ बिटच्या आकड्यात साठवतात. त्यात साधारण सातच अंक अचूक राहतात. आकडा मोठा झाला की शेवटचे अंक गळतात.

समजा, ग्रहाच्या केंद्रापासून अंतर मोजलं. कर्बिनच्या जमिनीवर फ्लोटची सर्वात लहान पायरी सव्वासहा सेंटिमीटरची होते. पृथ्वीएवढ्या ग्रहावर तीच पायरी अर्ध्या मीटरची! म्हणजे यान सरकणार नाही, अर्ध्या अर्ध्या मीटरच्या उड्या मारेल. आणि कर्बिन आपल्या सूर्यापासून १.३६ कोटी किमी लांब आहे. सूर्यापासून मोजलं तर पायरी होते एक किलोमीटरपेक्षा जास्त.

सुरुवातीच्या काळात अशाच चुकांमुळे वेगात जाणारं यान थरथरून तुटायचं. खेळाडूंनी त्या अदृश्य राक्षसाचं नाव ठेवलं ‘क्रॅकन’. त्यावर केलेला उपाय झकास आहे. यान शून्यापाशीच ठेवायचं आणि बाकीचं विश्व त्याच्याभोवती सरकवायचं. कक्षेचा हिशोब ६४ बिटच्या ‘डबल’ आकड्यात करायचा.

हे तुमच्या फोनमध्येही लागू आहे. पुण्याचं रेखांश फ्लोटमध्ये साठवलं तर पायरी सुमारे ८० सेंटिमीटरची येते. म्हणून अँड्रॉइड अक्षांश-रेखांश ‘डबल’मध्ये देतं. लोकेशनचं अ‍ॅप बनवताना हे विसरू नका.

गेमवर किती विश्वास ठेवायचा?

*हे खरं आहे:* पुढच्या यानाला गाठायचं तर नुसतं ‘अ‍ॅक्सिलरेटर’ दाबून चालत नाही, कधी कधी वेग कमी करून खालच्या कक्षेत यावं लागतं. कक्षा उंच करायची तर ग्रहाच्या सर्वात जवळच्या बिंदूपाशी इंजिन चालवायचं. १४ जुलै २०२३ ला निघालेल्या चांद्रयान-३ ने पृथ्वीभोवती फिरत कक्षा अशीच टप्प्याटप्प्याने वाढवली आणि २३ ऑगस्टला ते चंद्रावर उतरलं. कर्बल खेळणाऱ्याला हे लगेच कळतं.

*हे खरं नाही:* गेममध्ये यानावर एका वेळी एकाच गोलाचं गुरुत्वाकर्षण चालतं. त्यामुळे सूर्य आणि पृथ्वी या दोघांच्या ओढीतून तयार होणारा ‘एल-१’ बिंदू तिथे नाहीच. आपलं आदित्य-एल१ यान ६ जानेवारी २०२४ ला याच बिंदूभोवतीच्या कक्षेत पोहोचलं, पृथ्वीपासून १५ लाख किमीवर. साध्या कर्बलमध्ये ही मोहीम करताच येत नाही. तसंच कर्बिनवर ७१ किमीला सोडलेलं यान कायम फिरत राहतं. खरं अंतराळ स्थानक ४०० किमीवर असूनही विरळ हवेमुळे खाली येत राहतं, त्याला अधूनमधून वर ढकलावं लागतं.

कर्बल फोनवर नाही, कॉम्प्युटर किंवा कन्सोल लागतो. फोनवर सुरुवात करायची तर ‘स्पेसफ्लाइट सिम्युलेटर’ बघा, त्यातही पृथ्वी लहानच केलेली आहे. कर्बलमध्ये हात बसला की ‘रिअल सोलर सिस्टीम’ हा मॉड टाका, ग्रह खऱ्या आकाराचे होतात. एकापेक्षा जास्त गोलांची ओढ हवी असेल तर ‘प्रिन्सिपिया’ आहे.

माझा सल्ला एवढाच: कर्बिनवरून दिशा शिका, आकडे शिकू नका. कधी, कुठे, कोणत्या बाजूला इंजिन चालवायचं हे तिथे अगदी बरोबर कळतं. किती इंधन लागेल, ते मात्र खऱ्या पृथ्वीलाच विचारा.