जैसलमेरला खासगी जेटने जाताना

मुंबईहून जैसलमेरला लग्नासाठी अख्खं विमान भाड्याने घेणारे आता कमी नाहीत. पण जैसलमेरचा विमानतळ हवाई दलाच्या तळावर आहे. नागरी टर्मिनल त्याचा एक भाग. त्यामुळे उतरण्याची वेळ हवाई दलाच्या संमतीने ठरते आणि उशिरा निघणाऱ्या वऱ्हाडासाठी ती हवी तशी पुढे सरकत नाही. पाकिस्तानची सीमा जवळ असल्याने, मे 2025 मधल्या भारत-पाक तणावात बंद झालेल्या 32 विमानतळांत जैसलमेरही होतं.

दुसरी अडचण उन्हाची. 15 अंशांच्या तुलनेत 45 अंशांना हवा सुमारे नऊ टक्के विरळ होते. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर घटतो, धावपट्टी जास्त लागते. मग वैमानिक इंधन किंवा सामान कमी करायला सांगतो. त्याच्याशी वाद घालू नये. मे महिन्यात पहाटेच निघावं.

भाडं उड्डाणाच्या तासांवर असतं. तुम्हाला सोडून विमान रिकामं परतलं, तरी तो फेराही बिलात येतो.

स्वस्तात मिळतंय म्हणून कुणाचं खासगी वापराचं विमान मात्र घेऊ नका. भाड्याने उडवायला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा (डीजीसीए) नॉन-शेड्यूल्ड परवाना लागतो. आगाऊ रक्कम देण्यापूर्वी त्याची प्रत मागून घ्या.